दोन किलोची ओळ

"मावशी, हे पिल्लू उपाशी आहे," जनावरांची डॉक्टरीण म्हणाली आणि काही विशेष बोललोच नाही अशा थाटात पुन्हा मांजराच्या पिल्लाच्या बरगड्या चाचपू लागली.

जिला मावशी म्हटलं ती टेबलाच्या अलीकडे उभी होती. हे दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून असणार असं वाटून तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं कुणी नव्हतं. भिंतीवर कुत्र्याच्या दातांचं चित्र होतं, त्याखाली फरशी पुसायची ओली काठी टेकवून ठेवलेली होती. उपाशी! आजवर लोकांनी तिला पुष्कळ काही म्हटलं होतं. खडूस म्हटलं, हाताची घट्ट म्हटलं. एकतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. प्रत्येक खाटेवरच्या रोग्याला मापाच्या वाटीनं अन्न जायचं, म्हणून सगळा वॉर्ड तिला वाटीबाई म्हणायचा, आणि 'वाटीबाई आल्या, भूक पळाली' हा रोग्यांचा ठरलेला विनोद होता. स्वयंपाकघरातला आचारी तर तोंडावर म्हणायचा, "बाई, देवाचा प्रसादसुद्धा तुम्ही काट्यावर घालूनच वाटाल." हे सगळं तिनं हसून, कधी न हसता, पदरात घेतलं होतं. पण उपाशी? तिच्या घरात? चारशे खाटांना जिनं दोन्ही वेळा वेळेवर जेवू घातलं, तिच्या घरात? अपमानानं तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि त्याच वेळी पोटात खोल कुठंतरी गार पाण्याचा थेंब पडावा तसं काहीतरी पडलं. तो थेंब कसला हे तिला लगेच कळलं नाही. माणसाचं असंच असतं. राग आधी येऊन पुढच्या खोलीत बसतो, आणि ज्याला खरं बोलायचं असतं ते बिचारं मागच्या दारी ताटकळत उभं राहतं.

"किती घालता हिला?" डॉक्टरणीनं विचारलं.

"चाळीस ग्रॅम. दिवसाचे. सकाळी वीस, संध्याकाळी वीस."

"आणि हे कुणी सांगितलं?"

"पिशवीवर छापलंय. मनाचं नाही घालत मी." तिनं पिशवीतून फाइल काढली. लसींचं कार्ड, दर आठवड्याच्या वजनाचा कागद आणि एका पारदर्शक पाकिटात तो तक्ता. दाण्यांची नवी पिशवी आली की दाणे स्टीलच्या डब्यात ओतायचे, पिशवीवरचा तक्ता कात्रीनं नीट कापून घ्यायचा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा, ही तिची इस्पितळातली पद्धत. पिशव्या फाटतात, तेलकट होतात, आकडे पुसतात. कापलेला तक्ता वर्षानुवर्षं टिकतो. नव्या मुलींना ती हेच शिकवायची.

डॉक्टरणीनं तक्ता उलटसुलट करून पाहिला. मग बाहेरच्या फळीवरून त्याच दाण्यांची एक बंद पिशवी मागवली आणि टेबलावर पिल्लाच्या शेजारी ती आडवी ठेवून, कापलेला तुकडा तिच्यावर जुळवून धरला. छापील पिशवीवर तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पूर्ण वाढ झाल्यावरचं अपेक्षित वजन. तिच्या तुकड्यावर त्या ओळीचे नुसते पाय राहिले होते. अक्षरं कमरेत कापली गेली होती. साडेतीन महिने रोज दोनदा कपाट उघडताना ते पाय तिला दिसत होते, आणि ती त्यांना नक्षी समजत होती.

"डावीकडचं वजन आजचं नाही, मावशी. मोठेपणीचं आहे. तुम्ही हिला दोन किलोच्या ओळीत बसवलंत. म्हणजे मोठं झाल्यावर जे मांजर दोन किलोचंच राहणार, त्याच्या पिल्लाचं खाणं." डॉक्टरणीचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "ही मोठ्या जातीची. यांची हाडं तीन-तीन वर्षं वाढत असतात. साडेसहा महिने म्हणजे काहीच नाही. ही पोरगी सहा किलोची होणार होती."

होणार होती. ते 'होती' तिच्या कानात कुसळासारखं रुतलं. "होईल ना पण?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. वॉर्डाच्या दारात उभ्या राहणाऱ्या नातेवाइकांचा असायचा तसा तो होता.

"आधी खाऊ दे तर खरं. सहाच्या ओळीत पंच्याण्णव ग्रॅम येतात. पण आजच्या आज नाही हं. आज पन्नास, चार वेळा वाटून. मग दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत न्या. एकदम भरलंत तर..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

माहीत होतंच. बसमध्ये मांडीवर टोपली घेऊन बसल्यावर तिला तोच आठवला. बंद खोलीत कितीतरी दिवस अडकून पडलेला, नंतर वॉर्डात आणलेला तो घड्याळदुरुस्तीवाला. तिनं त्याला पातळ दूध लिहून दिलं होतं, दोन-दोन तासांनी अर्धा पेला. त्याच्या बहिणीला ते बघवेना. तिनं चोरून घरचा डबा आणला, भावाला पोटभर जेवू घातलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. उपाशी जीव भरल्या ताटानंही मरतो, हे त्या बहिणीला समजावून सांगायचं काम वाटीबाईकडेच आलं होतं. तिनं ते नीट केलं होतं. बहीण शेवटी एवढंच म्हणाली होती, "म्हणजे मी काहीच करू शकत नव्हते का?" तेव्हा ती काय बोलली होती? काहीतरी बोलली असेल. असं काही विचारलं की बोलायची वाक्यं ठरलेली होती. आज टोपलीच्या जाळीतून दोन मोठे पिवळे डोळे तिच्याकडे बघत होते आणि तिला त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. पिल्लू ओरडत नव्हतं. वाटेत शेजारच्या बाकावरची एक बाई कौतुकानं म्हणाली, "किती शांत आहे हो! आमचं तर बसमध्ये आकाशपाताळ एक करतं." कालपर्यंत अशा वेळी तिचा ऊर भरून आला असता. तिनं टोपलीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर दुकानं होती, दुकानांत माणसं उभ्यानं काहीबाही खात होती, आणि सगळ्यांची तोंडं एकसारखी हलत होती.

घरात चार मांजरं. दोन तिची, दोन लेकीची. तिच्यातली एक म्हातारी, चौदा वर्षांची, मूत्रपिंडं थकलेली. तिचं खाणं वेगळं, तेही न्हाणीघरात, दार लावून. दुसरा ठोंब्या, खाऊन खाऊन पिंप झालेला बोका; त्याला वाटीबाईनं वर्षभरात सातवरून साडेपाच किलोवर आणलं होतं आणि हा तिच्या निवृत्तीतला सर्वांत मोठा पराक्रम होता. एका घरात एकाला कमी खायचं, एकीला वेगळं खायचं, म्हणून भांडी भरून ठेवून द्यायची सोयच नव्हती. सकाळी आठला चार कोपऱ्यांत चार वाट्या, वीस मिनिटं, की वाट्या उचल. संध्याकाळी सहाला पुन्हा तसंच. लेकीला कामानिमित्त सहा महिने दुसऱ्या देशात जावं लागलं तेव्हा ती आपली दोन पिल्लं आईकडे सोडून गेली. जाताना म्हणाली, "आई, यांना तीन-चारदा लागतं हं खायला. वाढीची आहेत." आणि हिनं उत्तर दिलं होतं, "तू मला खाणं शिकव आता." लेक हसली होती, पिल्लांच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली होती. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. ती कुठलाच विषय दुसऱ्यांदा काढत नसे.

पिल्लं दोन, स्वभाव दोन. बोक्याचं नाव लवकरच पैलवान पडलं. तो आपली वाटी चार घासांत संपवायचा, मग ठोंब्याला ढुशी देऊन त्याची वाटी गाठायचा, ओट्यावर चढायचा, एकदा तर दाण्यांच्या डब्याचं झाकण त्यानं पाडलं. तिनं त्याला चोर म्हटलं, दरोडेखोर म्हटलं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या मागं धावली. आणि मादी? ती आपले वीस ग्रॅम खाऊन वाटी चाटून पुसून स्वच्छ करायची आणि बाजूला बसायची. दुसऱ्याच्या वाटीकडे मान वळवायची नाही. म्हणून तिनं तिचं नाव गुणी ठेवलं. पैलवान वाढला, चार किलोच्या वर गेला. गुणी दोनावर अडली ती अडलीच. एकच अन्न, एकच तक्ता. एक वाढतो, एक वाढत नाही. मग दोष मापात कसा असेल? दोष पिल्लात. जंत असतील, जात्याच किरकोळ असेल. हिशेब बिनतोड होता. आता बसच्या पायऱ्या उतरताना, टोपली छातीशी धरून, तिला तो हिशेब उलट्या बाजूनं दिसला: पैलवान वाढला तो चोरी केली म्हणून. तिच्या घरात जो शहाण्यासारखा वागला त्याचीच हाडं निघाली.

दारातच तिघं वाट पाहत होते. तिनं गुणीला निजायच्या खोलीत नेलं, दार लावलं, काट्यावर बारा ग्रॅम मोजले. मग अर्धा ग्रॅम. पन्नास भागिले चार, साडेबारा. बोटांच्या चिमटीत एक दाणा धरून ती तशीच उभी राहिली. तो दाणा टाकावा की टाकू नये? मूठ भरून टाकावी असं हाताला वाटत होतं. तळहात अक्षरशः शिवशिवत होता. आणि नेमकं ते करायचं नव्हतं. कमी घालून जे झालं ते आता जास्त घालून भरून येत नव्हतं. भरून काढण्याचीही वाटी होती, त्याचंही माप होतं, आणि ते मोजायला पुन्हा तीच.

गुणीनं खाल्लं. वाटी चाटली, पंजा चाटला, आणि बाजूला जाऊन बसली.

वाटीबाईचा नवरा मोजणीदार होता. दुर्बीण आणि साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजायचा. "एक जमीन मोजतो, एक भात मोजते, आमच्या घरात न मोजलेलं काही सापडायचं नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. सहा फुटांच्या वर उंच, दारातून वाकून आत येणारा. लेक त्याच्यावर गेली. आठव्या वर्षीच तिचं पाऊल आईच्या पावलाएवढं झालं. अकराव्या वर्षी ती आईच्या कानापर्यंत पोचली. नातेवाईक यायचे, गालाला हात लावायचे, "पोर अंगानं भरतेय हो," म्हणायचे. त्या वेळी वॉर्डात साखरेच्या आजारानं पाय कापलेली माणसं रोज येत होती. तिची स्वतःची आईसुद्धा त्याच वॉर्डात, त्याच आजारानं, आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघा असं करत तुकड्या-तुकड्यांनी गेली होती. ते जिनं पाहिलं तिला आपल्या पोरीच्या दंडावरचं मांस बघून काय वाटत असेल? भीतीच वाटणार. ती भीती खोटी नव्हती. ते प्रेमच होतं, देव साक्षी आहे. पण प्रेमाच्या हातात काटा दिला की ते दुसरं काही बघत नाही. तिनं इस्पितळातून वयाप्रमाणे वजनाचा तक्ता आणला आणि स्वयंपाकघरात चिकटवला. अकरा वर्षं, पस्तीस किलो. पोर होती त्रेचाळीस. झालं. अर्धी पोळी, एक वाटी भाजी, अर्धी वाटी भात, संध्याकाळी एक फळ. पुन्हा वाढायचं नाही.

पोळी. तव्यावरची वाफ. ताटातली शेवटची भाजी निपटून घेणारी लांबसडक बोटं. आणि मग ताट उचलून, धुऊन, पालथं घालून ठेवणं. कधी "अजून दे" नाही. एकदाच, फक्त एकदाच, शाळेची पोहण्याची शर्यत होती त्या आठवड्यात, पोर ताटाकडे बघत म्हणाली होती, "आई, अजून थोडा भात आहे का?" आहे का. दे, असं नाही. आणि ती म्हणाली होती, "आहे. पण तुझा नाही."

नवरा तेव्हा समोरच बसला होता. त्यानं स्वतःच्या ताटातला भात हातानं मागं सारून ठेवला, आणि पोर आत गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, माझ्यावर गेलीय ती. अजून केवढी तरी वाढायचीय. आजच्या मापानं काय मोजतेस?"

"तुम्ही जमीन मोजा," ती म्हणाली होती. "जमीन वाढत नसते. बरंय तुमचं."

केवढी हसली होती ती स्वतःच्याच वाक्यावर! दुसऱ्या दिवशी आचाऱ्यालाही सांगितलं होतं. आचारी मात्र हसला नव्हता, कढईतला झारा तसाच धरून म्हणाला होता, "बाई, पोरगी किती उंच आहे ते लिहिलंय का त्या कागदावर?" लिहिलेलं नव्हतं. आचाऱ्याला काय कळतंय, म्हणून तिनं ते सोडून दिलं. लोक पोरीला काय गुणाची म्हणायचे, कुणाच्या घरी गेली तर बिस्किटाला हात लावत नाही म्हणायचे, आणि ती ते ऐकून सुखावायची. पोहणं पोरीनं पुढच्याच वर्षी सोडलं. "दमायला होतं," एवढंच म्हणाली. तिशीत ती घरातल्या घरात सतरंजीत पाय अडकून पडली आणि मनगट काडीसारखं मोडलं. हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "लहानपणी काही मोठं आजारपण?" लेक म्हणाली, "छे. आमच्याकडे सगळं मोजून-मापून असायचं." ती शेजारीच उभी होती. ते वाक्य तिनं प्रशस्तिपत्रासारखं घरी आणलं होतं.

नवं माप सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी गुणीनं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. पिवळसर पाण्यात दाणे अख्खेच्या अख्खे. वाटीबाई फरशीवर बसली, फडक्यानं पुसलं, आणि पुसता पुसता तिनं ते दाणे मोजले; मोजले म्हणजे हातून मोजले गेले, एकवीस. मग तिचं तिलाच हसू आलं. बंद दारावर पैलवान धडका देत होता. न्हाणीघरात म्हातारी घोगऱ्या आवाजात रडत होती, तिची वेळ टळली होती. दाराच्या फटीतून ठोंब्याचा एक जाडजूड पंजा आत येऊन फरशी चाचपत होता. सगळ्यांना काहीतरी हवं होतं आणि सगळे ते मागत होते, फक्त हिच्या पुढ्यातली तेवढी गप्प. "ओरड की गं," ती पिल्लाला म्हणाली. "ओरड एकदा. तो बघ कसा दार फोडतोय. तुला काय तोंड नाही दिलं देवानं?" गुणीनं डोळे अर्धे मिटले. फर मोठी असते या जातीची, लांब, दाट. बघणाऱ्याला वाटतं केवढं गुबगुबीत पिल्लू. हात आत घातल्याशिवाय हाड लागत नाही. तिनं हात आत घातला. पाठीच्या मणक्यांची माळ बोटांखालून एकेक करून सरकली, आणि साडेतीन महिन्यांत आपण हिच्यावरून असा हात फिरवलाच नाही हे तिच्या लक्षात आलं. दर रविवारी काट्यावर ठेवलं होतं. कागदावर आकडा लिहिला होता.

रविवारी लेकीचा फोन यायचा. त्या रविवारीही आला. "कशी आहेत पोरं?" "मजेत." "पैलवान?" "तो काय, हत्ती होणार." मग लेकीनंच विचारलं, "आणि गुणी?" "बरी आहे." लेक म्हणाली, "बरं." हे 'बरं' तिनं हजारदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर ते खोलीतच राहिलं. पुढं काहीच न मागणारं, ताट धुऊन पालथं घातल्यासारखं 'बरं'. ती आठवू लागली. गेल्या दोन महिन्यांत तिनं पाठवलेले सगळे फोटो पैलवानाचे होते. मुद्दाम नव्हतं केलं. तो दिसायला छान दिसायचा, एवढंच. की मुद्दाम? हात आपला असतो, त्यानं बटण कुणासमोर दाबलं हे आपल्याला विचारून थोडंच दाबलेलं असतं?

दहा दिवसांनी ती पुन्हा डॉक्टरणीकडे गेली. वजन नव्वद ग्रॅमनं वाढलं होतं. आकडा बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. काट्यावरच्या आकड्यानं ती आयुष्यात पहिल्यांदा रडली. डॉक्टरणीनं मागच्या पायांचा फोटो काढला, उजेडासमोर धरला. तशाच उजेडासमोर, तसाच काळापांढरा कागद.

"जगेल," डॉक्टरीण म्हणाली. "खातेय, पचवतेय. वाचली म्हणा."

"आणि सहा किलो?"

"नाही, मावशी. वाढ तीन वर्षं चालते खरी, पण हाडांचा पाया या महिन्यांत पडायचा असतो, ते महिने गेले. चार होईल, साडेतीन होईल. लहान राहील. उड्याबिड्या बेतानं." मग तिचा चेहरा बघून जरा नरमाईनं, "मांजरालाच काय माहीत आपण किती मोठे होणार होतो? ते आपलं सुखात राहील."

घरी येऊन तिनं रविवारची वाट पाहिली नाही. दुपारचे साडेतीन वाजले होते. लेकीच्या तिकडे सकाळ असणार. खुर्ची ओढून ती खिडकीशी बसली, फोन लावला, आणि लेकीचा "आई? काय झालं?" ऐकताच सगळं एका दमात सांगून टाकलं. तक्ता, कात्री, वरची कापली गेलेली ओळ, दोन किलो, चाळीस ग्रॅम, पायांचा फोटो. लहान राहील, तेही सांगितलं. "माझी चूक," ती शेवटी म्हणाली. "तुझं मांजर मी उपाशी ठेवलं."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"गुणी वाढत नाहीये ते. पहिल्या महिन्यातल्या फोटोत पैलवानाशेजारी दिसायचं की. मग तू तिचे फोटो पाठवायचीच बंद झालीस, तेव्हा तर कळलंच."

"मग बोलली का नाहीस? अगं, एक शब्द टाकायचास! इथं जीव जात होता तिचा!"

"दोनदा फोन हातात घेतला होता." लेकीचा आवाज शांत होता, अगदी समजूतदार. "नाही जमलं. तुझ्या वाढण्यावर बोलायचं म्हणजे... चौतीस वर्षांची झाले मी, आई. नाही जमत अजून. म्हटलं, आई रोज समोर बघतेय. तिला दिसेल."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि वाऱ्यानं त्या फुगत होत्या, बसत होत्या. म्हणजे दोघींनी पाहिलं होतं. एकीनं बघून मोजलं होतं, एक बघून गप्प बसायला शिकली होती. आणि ते शिकवलं कुणी?

"तुला भूक लागायची का गं?" तिनं विचारलं. तेवीस वर्षांनी विचारलं. विचारताना तिला वाटलं की आपण हे फार जपून, दाराच्या फटीतून आत सरकवतो आहोत.

"आता काय त्याचं."

"सांग तरी."

"लागायची."

"किती?"

तोंडातून निघून गेलं आणि निघताच तिला कळलं, पण शब्द काही परत येत नाही. पलीकडे लेक बारीकसं हसली. त्या हसण्यात राग नव्हता; राग असता तर त्याला धरून उठता तरी आलं असतं.

"आई, किती म्हणजे काय गं? लागायची." मग भांडी आवरल्याचा आवाज. "बरं, मी निघते, उशीर होतोय. गुणीला बघ. आणि जास्त मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं. ठेवू?"

"तू जेवून घे," ती म्हणाली. फोन बंद झालेला होता.

चार वाजले. गुणीच्या तिसऱ्या वाटीची वेळ. ती उठली, डबा उघडला, पंच्याण्णवाच्या चौथ्या भागाइतके दाणे काट्यावर घातले. मग हात डब्यात घालून आणखी थोडे घेतले, न मोजता. फार नाहीत, दहा दिवसांनंतर तेवढं चालतं हे तिला माहीत होतं. निजायच्या खोलीत जाऊन तिनं वाटी खाली ठेवली आणि आज उभी न राहता, गुडघे कुरकुरत असतानाही, फरशीवर मांडी घालून बसली. गुणी आली. हळू, घाई न करता खाल्लं. न मोजलेलेही खाल्ले. वाटीच्या कडेला चिकटलेला शेवटचा कण जिभेनं काढला, वाटी लख्ख केली, आणि नेहमीसारखी बाजूला जाऊन, शेपूट पायांभोवती गुंडाळून बसली.

"अजून हवंय?" तिनं विचारलं.

पिल्लू तिच्याकडे बघत होतं. पोट भरलं म्हणून ते बसलं होतं, की वाटी रिकामी झाली म्हणून, हे त्या पिवळ्या डोळ्यांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं मूठभर दाणे घेतले, तळहात उघडला आणि तो पिल्लाच्या पुढ्यात धरला. हात अवघडला. ती तो मागं घेईना, आणि पिल्लू पुढं येईना.